दीनानाथ मंगेशकर

मास्टर दीनानाथ गणेश मंगेशकर (जन्म : मंगेशी, गोवा, २९ डिसेंबर १९००, मृत्यू : पुणे, २४ एप्रिल १९४२) हे मराठी संगीत रंगभूमीवरील गायक-नट, बळवंत संगीत मंडळी या नाटक कंपनीचे एक संस्थापक आणि चित्रपट-निर्माते होते. स्त्रीभूमिका आणि पुरुषभूमिका या दोन्हींत त्यांनी नाव मिळवले. त्यांच्या पदांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या हा त्यांच्या गायकीचा आज उपलब्ध असलेला मुख्य पुरावा आहे. लता मंगेशकर, मीना खडीकर, आशा भोसले, उषा मंगेशकर व हृदयनाथ मंगेशकर ही त्यांची अपत्ये. धुळे जिल्ह्यातील थाळनेर ही त्यांची सासुरवाडी होती.

जन्म आणि शिक्षण

दीनानाथांचा जन्म गोव्यातील मंगेशी गावी झाला. त्यांच्या मातोश्री येसूबाई मंगेशीच्या देवळात सेवा करणाऱ्या कलावंत समाजातील होत्या, तर वडील गणेशभट्ट हे त्याच देवस्थानातील अभिषेक करणारे पुजारी होते. देवळाशी बांधलेल्या अशा घरांतील मुलांना त्या काळी समाजात मानाचे स्थान नसे. वडिलांचे आडनाव न लावता दीनानाथांनी गावाच्या व देवाच्या नावावरून मंगेशकर हे आडनाव घेतले. पुढे भारतभर ओळखले गेलेले हे आडनाव त्यांच्यापासून सुरू होते.

मंगेशी व आसपासच्या गावांत भजन, कीर्तन, देवळातील गाणे आणि उत्सवातील नाटके यांचे वातावरण होते. लहानपणी त्यांनी बाबा माशेलकर यांच्याकडे गाण्याचे पहिले धडे घेतले. पुढे ग्वाल्हेर परंपरेतील रामकृष्णबुवा वझे यांचा गंडा त्यांनी बांधला. वझेबुवा हेही मूळचे कोकणपट्टीतील आणि स्वभावाने अत्यंत तडफदार गायक होते. अनवट राग आणि जोरकस तानक्रिया ही त्यांची देणगी दीनानाथांच्या गाण्यात स्पष्ट दिसते. बिकानेरचे सुखदेव प्रसाद यांच्याकडेही दीनानाथांनी शिक्षण घेतले. मराठी नाट्यसंगीतात त्या काळी सहसा न आढळणारा उत्तरेकडील, विशेषतः पंजाबी वळणाचा रंग त्यांच्या गाण्यात होता.

किर्लोस्कर मंडळी

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. किर्लोस्कर मंडळीला मुख्य गायक-नटाची तीव्र गरज निर्माण झाली. याच सुमारास किशोरवयीन दीनानाथ त्या कंपनीत दाखल झाले. देखणे रूप, गोरा वर्ण, उंच पट्टीत सहज फिरणारा गळा यांमुळे स्त्रीभूमिका त्यांच्याकडे आल्या. नावामागे लागलेली मास्टर ही उपाधी त्या काळातील बालनटांना सर्रास लावली जाई; दीनानाथांच्या बाबतीत ती मोठेपणीही कायम राहिली.

बळवंत संगीत मंडळी

१९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे या सहकाऱ्यांसह त्यांनी किर्लोस्कर मंडळी सोडली आणि बळवंत संगीत मंडळी स्थापन केली. दीनानाथ तेव्हा अठरा वर्षांचेही नव्हते किंवा जेमतेम तेवढे होते. कंपनीचा कारभार, नाटकांची निवड आणि गद्य भूमिकांचा भार कोल्हटकरांकडे, तर गाण्याची बाजू दीनानाथांकडे अशी कामाची वाटणी साधारणपणे होती. कोल्हटकरांचे बहुरूपी हे आत्मचरित्र या कंपनीच्या इतिहासासाठी महत्त्वाचे मानले जाते. त्याला १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

कंपनीला पहिले मोठे यश राम गणेश गडकरी यांच्या भावबंधन या नाटकाने मिळवून दिले. गडकरींनी हे नाटक मृत्युशय्येवर पुरे केले. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर नाटक रंगभूमीवर आले. कोल्हटकरांचा घनश्याम आणि दीनानाथांची लतिका या भूमिका गाजल्या. लतिका हे नाव दीनानाथांच्या घरातही आले : पहिल्या मुलीचे नाव त्यांनी लतिका ठेवले. ती लहानपणीच वारली. १९२९ मध्ये जन्मलेल्या मुलीचे नाव आधी हेमा होते. तेही पुढे लतिकेच्या आठवणीने लता असे झाले.

खाडिलकरांच्या मानापमान या नाटकात दीनानाथांनी धैर्यधराची भूमिका केली. या नाटकाची मूळ पदे गोविंदराव टेंबे यांनी बसवली होती आणि ती लोकांच्या कानांत पक्की बसली होती. दीनानाथांनी त्यांतील अनेक पदे वेगळ्या चालींत, टप्प्याच्या अंगाने व द्रुत तानांनी गायिली. प्रेक्षकांत त्यावरून तट पडले. गंधर्व मंडळीचा प्रेक्षक ठाय लय, लडिवाळ सुरावट आणि भावाची संथ उकल यांवर पोसलेला होता; दीनानाथांचे गाणे त्याला आक्रमक वाटे. तरुण प्रेक्षकाला मात्र नेमकी हीच धार हवी होती. टेंबे यांच्या चाली मागे पडल्या नाहीत, पण धैर्यधराची काही पदे दीनानाथांच्या वळणानेच पुढच्या गायकांनी उचलली. यावरून त्यांच्या प्रयोगाचे मोल ठरवता येते.

वीर वामनराव जोशी यांचे रणदुंदुभि (१९२७) आणि वि. दा. सावरकर यांचे संन्यस्त खड्ग (१९३१) ही बळवंत मंडळीची दोन नाटके राजकीय दृष्ट्या धाडसाची होती. सावरकर त्या वेळी रत्नागिरीत स्थानबद्ध होते. सरकारी देखरेखीखालील लेखकाचे नाटक करणे ही परगावच्या परवान्यांवर जगणाऱ्या कंपनीसाठी लहान गोष्ट नव्हती. या दोन्ही नाटकांच्या पदांना वझेबुवांच्या चाली होत्या. रणदुंदुभिमधील तेजस्विनी आणि संन्यस्त खड्गमधील सुलोचना या भूमिका दीनानाथांनी केल्या. परवशता पाश दैवे हे पद पारतंत्र्याची जाणीव जागवणारे म्हणून नाटकाबाहेरही गायिले जाऊ लागले.

खानदेश आणि थाळनेर

रेल्वेमुळे खानदेश नाटक कंपन्यांच्या दौऱ्यांच्या वाटेवर आला होता. मुंबईहून येणारा लोहमार्ग चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असा जाई. चाळीसगावहून धुळ्याला फाटा होता, आणि सुरतेकडून तापी खोऱ्यातील मार्ग अमळनेरवरून जळगावला मिळे. पडदे, पेट्या, आर्गन आणि चाळीस-पन्नास माणसे घेऊन हिंडणाऱ्या कंपनीला मुक्कामाचे गाव रेल्वेजवळ असणे फायद्याचे ठरे. कापसाच्या व्यापारामुळे या गावांत पैसा खेळत होता आणि सुगीनंतर तिकिटे काढणारा प्रेक्षक मिळत असे. बालगंधर्वांच्या बालपणाचा काही काळही जळगावात गेला होता व तेथेच मेहबूब खान यांच्याकडून त्यांना गाण्याचे धडे मिळाले होते. मराठी रंगभूमीवरील या दोन परस्परविरोधी गायकींचे धागे असे खानदेशात एकमेकांजवळ येतात.

थाळनेर हे तापीच्या काठावरील जुने गाव आज धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात आहे. खानदेशच्या फारुकी सुलतानांची ती पहिली राजधानी. किल्ल्याचे अवशेष व फारुकींच्या कबरी तेथे आहेत. येथील सधन गुजराती गृहस्थ हरिदास रामदास लाड यांची कन्या नर्मदा हिच्याशी १९२२ मध्ये दीनानाथांचा विवाह झाला. नाटकवाल्याला मुलगी देण्यास सुस्थितीतील घरे सहसा तयार नसत, हे लक्षात घेतले तर या संबंधाचे वेगळेपण कळते. लतिका या मुलीच्या मृत्यूनंतर थोड्याच काळात, १९२६ मध्ये, नर्मदा यांचेही निधन झाले. १९२७ मध्ये दीनानाथांनी त्यांची धाकटी बहीण शेवंती हिच्याशी विवाह केला. विवाहानंतर त्यांचे नाव सुधामती झाले. मंगेशकर कुटुंबात आणि बाहेर त्या माई म्हणून ओळखल्या गेल्या.

लता मंगेशकर यांच्या सांगण्यानुसार त्या आजोळी जात तेव्हा आजीकडून गुजराती गरबे व खानदेशातील लोकगीते त्यांनी ऐकली आणि शिकली. वडिलांकडील रागसंगीताच्या तालमीइतकी या वारशाची चर्चा होत नाही. दीनानाथांच्या चरित्रांतही थाळनेर बहुधा एका वाक्यात आटोपले जाते.

गायकी

दीनानाथांचा आवाज उंच, निमुळता आणि चपळ होता. एका स्वरावरून दूरच्या स्वरावर अचानक घेतलेली उडी, तानेच्या मध्येच बदललेली दिशा, पदाच्या ओळीत क्षणभर दुसऱ्या रागाची छटा आणून पुन्हा मूळ जागी येणे ही त्यांची खास लकब होती. ऐकणाऱ्याला समेपर्यंत पोहोचण्याची खात्री वाटू नये आणि तरी सम बिनचूक यावी, असा हा खेळ असे. शब्दांपेक्षा सुरांकडे त्यांचा ओढा अधिक होता, अशी टीका त्यांच्या हयातीतही झाली. संथ, करुण पदांत मात्र ते तानांचा मोह आवरत. ब्रह्मकुमारी व संन्यस्त खड्ग या नाटकांतील पदांवरून ते दिसते.

कंपनीतील मुक्कामात ते शिष्यांना शिकवीत. घरी मुलीला गाताना प्रथम ऐकले तेही एका शिष्याची तालीम चालू असताना, आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे तिला तंबोऱ्यावर बसवण्यास त्यांनी सुरुवात केली, असे लता मंगेशकर सांगत असत. ज्योतिषाचाही त्यांना गाढा छंद होता.

ध्वनिमुद्रिका

भारतात तबकडीवरील व्यावसायिक ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात सुरू झाले. १९०१ मध्ये निवर्तलेले भाऊराव कोल्हटकर यांच्यासारख्या थोर गायक-नटाचा आवाज त्यामुळे कायमचा गेला. दीनानाथ यानंतरच्या पिढीतील असल्याने सुदैवी ठरले. आरंभी गायकाला एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे व तेथील हवेच्या कंपनांनीच मेणाच्या तबकडीवर रेघ उमटे. १९२५ नंतर मायक्रोफोनवर आधारलेले विद्युत ध्वनिमुद्रण आले. रणदुंदुभि आणि संन्यस्त खड्ग रंगभूमीवर आली तो काळ नेमका या बदलानंतरचा आहे. कर्ण्याच्या पद्धतीत हरवणारे बारीक कण व हलक्या श्रुती यामुळे तबकडीवर टिकू शकल्या.

तरीही तबकडी म्हणजे प्रयोग नव्हे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन ते साडेतीन मिनिटे मावत. रंगभूमीवर वन्समोअर घेत जे पद अर्धा तास चाले, ते एवढ्या वेळात बसवणे भाग होते. काही गायकांनी अशा वेळी पदाचा नुसता सांगाडा गायिला. दीनानाथांनी मुखडा लवकर मांडून उरलेला वेळ तानांना दिला. आज त्यांची गायकी एकसारखी वेगवान वाटते यामागे हे एक कारण असावे. संध्याकाळी सुरू होऊन पहाटे संपणाऱ्या नाटकात ते सतत याच गतीने गात असतील, असे मानता येत नाही.

या तबकड्या लाख, दगडाची पूड आणि काजळी यांच्या मिश्रणाच्या असत. त्या पडल्या की फुटत, पोलादी सुईने झिजत आणि उष्णतेने वाकत. जळगाव-धुळ्याकडील उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेली तबकडी बशीसारखी होण्यास एक दुपार पुरे. दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाल्यावर अनेक देशांत जुन्या तबकड्या गोळा करून दळल्या गेल्या. पुढे दीर्घवादन तबकडी, ध्वनिफीत आणि ट्रान्झिस्टर आले, ७८ फेऱ्यांची तबकडी बंद पडली आणि घरोघरचे ग्रामोफोन माळ्यावर गेले. जुन्या कागदपत्रांसाठी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळासारखी संस्था उभी राहिली. गाण्याच्या तबकड्यांना असा आश्रय फार काळ मिळाला नाही. त्या वाचल्या त्या मुख्यतः हौशी संग्राहकांमुळे. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार, मोडीत निघालेले वाडे आणि बंद पडलेली चहाची हॉटेले ही त्यांची शोधाची ठिकाणे होती. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली. तिच्या द रेकॉर्ड न्यूज या नियतकालिकातून जुन्या तबकड्यांच्या सूची व कलावंतांची माहिती प्रसिद्ध होऊ लागली. जगात इतरत्रही हेच घडत होते : कॅरिबियन बेटांवरील १९६०-७० च्या दशकांतील नृत्यसंगीताच्या विस्मृतीत गेलेल्या तबकड्या अशाच हौशी लोकांनी गोदामांतून शोधून पुन्हा बाजारात आणल्या.

दीनानाथांच्या तबकड्या संगणकीय स्वरूपात आणताना वेगाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ७८ हा आकडा नावापुरता होता. निरनिराळ्या कंपन्यांच्या व काळांच्या तबकड्या त्याहून कमी-जास्त वेगाने मुद्रित झालेल्या आढळतात. ७८ फेऱ्यांसाठी केलेली तबकडी ८२ फेऱ्यांनी फिरवली तर गाणे जवळजवळ एका अर्धस्वराने चढते आणि तानाही तेवढ्याच जलद होतात. ज्या गायकाची कीर्तीच उंच पट्टी व चपळ तान यांवर आधारलेली आहे, त्याच्या बाबतीत हा फरक क्षुल्लक नाही. आंतरजालावर एकच पद दोन वेगवेगळ्या पट्ट्यांत ऐकू येते त्याचे कारण बहुधा हेच असते. आर्गन किंवा पेटीच्या सुरावरून मूळ पट्टीचा अंदाज बांधता येतो, पण त्या वाद्यांची जुळणीही आजच्या मापाशी तंतोतंत मिळतेच असे नाही.

चित्रपट आणि उतरता काळ

१९३१ मध्ये आलम आरा आणि १९३२ मध्ये प्रभातचा अयोध्येचा राजा हे बोलपट आले. कमी पैशांत गाणे ऐकवणारा आणि रोज तीन खेळ करणारा बोलपट फिरत्या नाटक कंपन्यांना भारी पडला. तोवर बळवंत मंडळी सांगलीत स्थिरावली होती. कंपनीच्या चालकांनी बळवंत पिक्चर्स ही संस्था काढली आणि कृष्णार्जुन युद्ध हा चित्रपट तयार केला. तो १९३४ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शनात चिंतामणराव कोल्हटकर यांच्यासह तरुण विश्राम बेडेकर होते. त्यांचे ब्रह्मकुमारी हे नाटक याच कंपनीने १९३३ मध्ये केले होते. चित्रपट चालला नाही. कर्जाचा बोजा वाढला, कंपनी मोडली आणि सोळा वर्षे एकत्र काम केलेले भागीदार वेगळे झाले. या प्रकरणात दोष कोणाचा, याविषयी पुढील आठवणींत एकवाक्यता नाही. नाटकाचा प्रेक्षक बोलपटाकडे वळलेला असताना रोख पैसा नसलेल्या कंपनीने स्टुडिओ उभारण्याचा घाट घालणे हेच मुळात धोक्याचे होते.

त्यानंतर दीनानाथांनी छोट्या प्रमाणावर नाटकाचे प्रयोग आणि गाण्याच्या बैठकी केल्या. मुलगी लता हिनेही वडिलांबरोबर रंगमंचावर व बैठकीत गाण्यास प्रारंभ केला. सांगलीतील घर सोडून कुटुंब अखेर पुण्यास आले. मद्यपान आणि आर्थिक विवंचना यांनी त्यांची प्रकृती ढासळत गेली. २४ एप्रिल १९४२ रोजी वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. थोरली लता तेव्हा बारा वर्षांची, तर हृदयनाथ साडेचार वर्षांचे होते. त्याच वर्षी लता यांनी मास्टर विनायक यांच्या मदतीने नवयुग चित्रपट संस्थेच्या पहिली मंगळागौर या चित्रपटात काम स्वीकारले. घर चालवण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली होती.

प्रभाव

दीनानाथांचे दीर्घकाळ तालीम घेतलेले शिष्य थोडे होते. त्यांची गायकी बरीचशी ऐकून आणि तबकड्यांवरून पुढे गेली. वसंतराव देशपांडे यांच्यावर त्यांचा सर्वांत खोल ठसा उमटला. १९६७ मध्ये आलेल्या कट्यार काळजात घुसली या नाटकातील खाँसाहेबांच्या गाण्यात त्या आक्रमक, अनपेक्षित वळणांच्या शैलीचे पुनरुज्जीवन झाले, असे मानले जाते. आशा भोसले यांनी वडिलांची अनेक नाट्यपदे पुन्हा ध्वनिमुद्रित केली. ही नवी ध्वनिमुद्रणे इतकी लोकप्रिय झाली की पुष्कळ श्रोत्यांना ती पदे मूळ कोणाची, हे उलट दिशेने, मुलीकडून वडिलांकडे जाऊन कळले. हृदयनाथ मंगेशकर यांच्या चालींतील दूरच्या स्वरांवरील उड्याही दीनानाथांच्या तबकड्यांशी ताडून पाहण्यासारख्या आहेत.

स्मारके

मुंबईतील विलेपार्ले येथील नाट्यगृह, पणजी येथील कला अकादमीचे मुख्य सभागृह आणि पुण्यातील २००१ मध्ये सुरू झालेले रुग्णालय यांना दीनानाथांचे नाव आहे. भारतीय टपाल खात्याने १९९३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. मास्टर दीनानाथ मंगेशकर स्मृती प्रतिष्ठानातर्फे दरवर्षी २४ एप्रिल या त्यांच्या स्मृतिदिनी संगीत, नाटक, साहित्य व समाजसेवा या क्षेत्रांतील व्यक्तींना पुरस्कार दिले जातात.